तुकडेजोड आणि राखीव प्रती

आवराआवर हा मराठी घराचा अंगभूत संस्कार आहे. दसरा-दिवाळी जवळ आली की माळ्यावरचे डबे खाली उतरतात, ट्रंका उन्हात येतात, जुन्या वह्यांचे गठ्ठे नव्याने बांधले जातात. सुरत, बडोदे, इंदूर वा हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांनीही ही सवय सोडलेली नाही. आता घरात संगणक आला आहे आणि त्याच्याही पोटात पुष्कळ पसारा साचतो. तेव्हा तोही आवरावा, अशी इच्छा गृहस्थ-गृहिणींच्या मनात उत्पन्न होणे स्वाभाविकच होय. मात्र ही आवराआवर करताना एका ठिकाणी हात अडतो. बाकीच्या फायली नीट लागतात, परंतु बॅकअपच्या, म्हणजे राखीव प्रतींच्या फायली काही केल्या जुळून येत नाहीत. रात्रभर प्रोग्रॅम चालवला तरी सकाळी त्या जशाच्या तशा विखुरलेल्या दिसतात. असे का होते, त्यात खरोखर काही बिघाड आहे काय, आणि असल्यास उपाय करावा की करू नये, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

विखुरलेल्या गावांचे संस्थान

फाईल विखुरते म्हणजे नेमके काय होते, हे समजण्यासाठी आमच्या सचिन गावाचाच दाखला उपयोगी पडेल. सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे स्थानक आहे. आज सचिन म्हटले की औद्योगिक वसाहत, तेथील कारखाने आणि त्यांत राबणारी खानदेशातील असंख्य माणसे डोळ्यांपुढे येतात. परंतु या गावाचा मराठ्यांच्या इतिहासाशी असलेला संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे. जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणारा सिद्दी अब्दुल करीम खान ऊर्फ बाळूमियाँ पुण्यास पेशव्यांच्या आश्रयाला आला होता. इ. स. १७९१ मध्ये, सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत, त्याच्याशी करार झाला. त्याने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांस सोडून द्यावा आणि त्याच्या मोबदल्यात सुरतेजवळची काही गावे घ्यावीत, असे ठरले. जंजिरा पेशव्यांच्या हाती अखेरपर्यंत आला नाही. सचिन संस्थान मात्र उभे राहिले आणि १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकले.

या संस्थानाची गावे एकमेकांस लागून नव्हती. काहींच्या सभोवती इंग्रजांचा मुलूख होता, तर काही गायकवाडांच्या बडोदे राज्यात मिसळलेली होती. आपल्याच एका गावाहून दुसऱ्या गावी जावयाचे तर परक्याची हद्द ओलांडावी लागे. असे असूनही संस्थान एकच होते. कारण कोणकोणती गावे आपली, याची यादी दप्तरी पक्की होती.

संगणकातील हार्ड डिस्कचा कारभार नेमका असाच चालतो. आत एक वा अनेक तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे या वेगाने फिरत असतात आणि त्यांवरून एक बारीक दांडी मजकूर वाचत जाते. तबकडीवरील जागा लहान लहान खणांत वाटलेली असते. विंडोजच्या नेहमीच्या व्यवस्थेत असा एक खण ४ किलोबाइटचा असतो. म्हणजे १० गिगाबाइटच्या एका फाईलला सव्वीस लाखांहून अधिक खण लागतात. इतके खण सलग रिकामे मिळाले तर ठीक, न मिळाले तर संगणक फाईलचे तुकडे करून जेथे जागा सापडेल तेथे ठेवतो आणि कोणता तुकडा कोठे आहे याची यादी आपल्या सूचीत लिहितो. वाचताना दांडीला एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. प्रत्येक उडीस सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. तुकडे दहा-वीस असतील तर हा वेळ जाणवत नाही. दहा हजार असतील तर संगणक रेंगाळतो.

हे तुकडे उचलून शेजारी शेजारी मांडण्याच्या क्रियेस इंग्रजीत डीफ्रॅगमेंटेशन म्हणतात. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडविण्याचे कारण नाही. मुंबई प्रांतात १९४७ साली शेतजमिनीच्या तुकड्यांविषयी कायदा झाला. त्याला शेतकरी तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा म्हणून ओळखतात. भावाभावांच्या वाटण्यांत जमिनीच्या चिंधड्या होऊ नयेत आणि झालेल्या चिंधड्या एकत्र याव्यात, हा त्याचा हेतू. ज्यांच्या खानदेशातील शेताला सर्व्हे नंबराऐवजी गट नंबर पडला, त्यांना तुकडेजोड म्हणजे काय हे सांगावयास नको. संगणकातही नेमकी तुकडेजोडच होते.

राखीव प्रती का हलत नाहीत

शेतांच्या तुकडेजोडीत सारेच काही हलविता येत नाही. विहीर आहे तेथेच राहते, समाधी आहे तेथेच राहते. संगणकातही काही फायली अशाच स्थिर असतात आणि राखीव प्रती बहुधा त्यांत मोडतात. याची कारणे चार आहेत.

पहिले कारण संरक्षणाचे. विंडोज आपल्या पूर्वस्थितीच्या काही प्रती ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाच्या गुप्त कप्प्यात ठेवते. संगणक बिघडल्यास मागील तारखेच्या स्थितीत परतता यावे, किंवा चुकून बदललेली फाईल जुन्या रूपात मिळावी, हा त्यामागचा उद्देश. या प्रतींवर प्रत्यक्ष कार्यप्रणालीचा ताबा असतो आणि तुकडेजोड करणाऱ्या प्रोग्रॅमला त्या हलविण्याची मुभाच नसते.

दुसरे कारण जागेचे. संपूर्ण डिस्कच्या राखीव प्रतीची एकच फाईल कित्येकदा ८० वा १०० गिगाबाइटची असते. ती एकसंध करावयाची तर तेवढीच सलग मोकळी जागा दुसरीकडे हवी. भरत आलेल्या डिस्कवर ती कोठून मिळणार? विंडोज एक्सपीमधील तुकडेजोडीचा प्रोग्रॅम तर किमान १५ टक्के जागा मोकळी असल्याखेरीज पुरते काम करीत नसे.

तिसरे कारण वापराचे. राखीव प्रत घेणारे काही प्रोग्रॅम दिवसभर पडद्याआड चालू असतात व आपली फाईल धरून ठेवतात. दुसऱ्याने हाती धरलेली वही आपण कपाटात लावू शकत नाही, तसेच हे.

चौथे कारण हिशेबाचे आहे आणि ते पुष्कळांस ठाऊक नसते. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून तेथील तुकडेजोड प्रोग्रॅम ६४ मेगाबाइटहून मोठे तुकडे जोडण्याच्या फंदातच पडत नाही. साधी डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट वाचते असे धरले, तर ६४ मेगाबाइटचा तुकडा वाचण्यास पाऊण सेकंदाच्या आतबाहेर वेळ लागतो आणि पुढील तुकड्यावर उडी मारण्यास सेकंदाचा शंभरावा भाग. म्हणजे १० गिगाबाइटची फाईल अशा १६० तुकड्यांत विखुरली असली, तरी १०० सेकंदांच्या वाचनात जेमतेम दीड-दोन सेकंदांची भर पडते. एवढ्यासाठी रात्रभर डिस्क घासणे म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला. बाहेरून घेतलेले प्रोग्रॅम मात्र असे तुकडेही तांबड्या रंगात दाखवितात, आणि तो रंग पाहून आपण अस्वस्थ होतो.

टापटिपीच्या नादात

येथपर्यंतचा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा वाटेल. परंतु हट्टाने केलेल्या तुकडेजोडीत प्रत्यक्ष नुकसानीचा संभव आहे, आणि हा लेख लिहिण्याचे मुख्य प्रयोजन तेच आहे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ येथील औद्योगिक वसाहतीत हिशेबनिसाचे काम करतात. त्यांचे वडील धुळे जिल्ह्यातून सुरतेस आले आणि मागावर बसून त्यांनी संसार उभा केला. उतारवयात त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या व नातीने त्या संगणकावर उतरून घेतल्या. वडील गेल्यावर एके दिवशी नातीच्या हातून त्याच फाईलवर दुसराच मजकूर साठविला गेला. ही गोष्ट घरात कोणाच्या ध्यानी आली नाही. पुढे संगणक मंद चालतो म्हणून गृहस्थांनी ओळीने तीन रात्री तुकडेजोड चालविली आणि चौथ्या दिवशी मजकडे आले. म्हणाले, “सर, सगळं नीट लागलं, पण बॅकअपच्या फायली लालच्या लाल. आता ते संरक्षणच बंद करून टाकू का? म्हणजे त्या फायली जातील आणि जागाही मोकळी होईल.”

मी म्हटले, “भाऊसाहेब, फेकण्यापूर्वी गठ्ठ्यात काय आहे ते तर पाहू या.”

त्यांच्या घरी जाऊन जुन्या प्रतींची यादी उघडली. महिन्यापूर्वी त्यात अनेक तारखा दिसत असत, असे त्यांच्या कन्येने सांगितले. आता अवघी एक उरली होती. त्या एका प्रतीत आजोबांच्या आठवणींची फाईल जुन्या रूपात सुरक्षित सापडली. ती तत्काळ वेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. संरक्षण बंद केले असते तर विंडोजच्या नियमानुसार तीही प्रत पुसली गेली असती.

बाकीच्या तारखा कोठे गेल्या? याचे उत्तर या प्रतींच्या रचनेत आहे. विंडोज ठेवते ती ‘शॅडो कॉपी’, म्हणजे छायाप्रत, ही संपूर्ण नक्कल नसते. डिस्कवरील एखाद्या भागात नवे काही लिहिले जाणार असेल, तर आधी तेथील जुना मजकूर उचलून राखीव कोठारात ठेवावयाचा, एवढेच ती करते. आमच्या शाळेतील एखाद्या अतिदक्ष कारकुनाची कल्पना करा. कोणताही कागद कपाटात जागचा हलला की तो आधी त्या जागेची नक्कल करून ठेवतो; आणि नकलांचे कपाट भरले की सर्वांत जुना रुमाल बाहेर टाकतो. आता कोणी केवळ आवराआवर म्हणून सारे कागद इकडचे तिकडे केले, तर कारकुनाला वाटणार की सर्वच बदलले! छायाप्रतीची व्यवस्था १६ किलोबाइटच्या मापाने लक्ष ठेवते आणि फायलींचा खण असतो ४ किलोबाइटचा. माप जुळत नसल्यामुळे, मजकूर खरोखर बदलला की फक्त जागा बदलली, हा भेद तिला नीट करता येत नाही. तुकडेजोड चालू असताना ती जुन्या मजकुराच्या नकला घेत सुटते, कोठार भरते आणि सर्वांत जुन्या प्रती आपोआप नष्ट होतात. नेमक्या त्याच प्रतींची आपणांस पुढेमागे गरज पडण्याचा संभव असतो.

जमिनीच्या तुकडेजोडीतही कागदावर जोड झाली आणि प्रत्यक्ष ताबा निराळाच राहिला, यावरून कज्जे उद्भवले. मांडणी सुधारताना मूळ नोंद सांभाळली नाही की असे होते.

काय करावे

प्रथम आपल्या संगणकात कोणत्या प्रकारची डिस्क आहे, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. अलीकडच्या बहुतेक संगणकांत फिरती तबकडी नसून एसएसडी असते. तिच्यात दांडी नाही, उडी नाही. त्यामुळे तुकड्यांचा प्रश्नच उरत नाही. उलट तिच्यावर लिहिण्याच्या वेळा मर्यादित असल्याने तुकडेजोडीने तिचे आयुष्य व्यर्थ खर्ची पडते. विंडोजचा स्वतःचा प्रोग्रॅम डिस्कचा प्रकार ओळखून वागतो. त्याला त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे काम करू द्यावे.

डिस्क जुन्या पद्धतीची असेल, तर कोणतीही मोठी आवराआवर करण्यापूर्वी आपले सर्व कागद, छायाचित्रे व हिशेब वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. मग राखीव प्रतींच्या फायलींना हात न लावता बाकीची तुकडेजोड करावी. त्या विखुरलेल्या दिसल्या तरी तशाच राहू द्याव्यात. राखीव प्रत आपण रोज वाचत नाही. वर्षातून एखाद्या वेळी ती उघडण्यास दोन मिनिटे अधिक लागली, तर काय बिघडले?

त्या फायलींमुळे जागाच कोंडली असेल, तर त्या जोडण्याऐवजी स्थलांतरित कराव्यात. बाहेरच्या रिकाम्या डिस्कवर फाईल नकलून घेतली की ती तेथे बहुधा सलगच लिहिली जाते. म्हणजे तुकडेजोड आपसूक होते. मात्र ही वाट आपण स्वतः घेतलेल्या राखीव प्रतींसाठीच आहे. गुप्त कप्प्यातील छायाप्रती अशा उचलून नेता येत नाहीत. त्यांतील हवी ती फाईल आधी बाहेर काढून घ्यावी लागते. नवी प्रत उघडते याची खात्री करून मगच जुनी पुसावी. क्रम महत्त्वाचा आहे: आधी नक्कल, मग पडताळणी, शेवटी पुसणे.

पडताळणीविषयी मराठी कुटुंबांना एक निराळी सूचना करावीशी वाटते. आपली जुनी पत्रे, मंडळांची इतिवृत्ते, लग्नपत्रिका, देवदेवतांच्या आरत्यांचे संग्रह हे पुष्कळदा श्रीलिपी वा आकृती यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले असतात. फाईल सुरक्षित राहिली, पण तो फाँट नव्या संगणकावर नसला, तर मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. अशा फायली युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवाव्यात आणि एक छापील प्रतही काढून ठेवावी.

एकाच छपराखाली नको

राखीव प्रतीची खरी कसोटी ती किती तुकड्यांत आहे ही नव्हे. मूळ नाहीसे झाले असता ती हाती येते की नाही, ही होय. पुष्कळ घरांत ‘सी’वरील कागदांची प्रत ‘डी’वर ठेवलेली असते. पण ‘सी’ आणि ‘डी’ या बहुधा एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. घर कोसळले तर दोन्ही खोल्या कोसळतात. ज्यांनी ऑगस्ट २००६ मध्ये तापीचा पूर पाहिला आहे, त्यांना याहून अधिक सांगणे नको. उकाईच्या धरणातून पाणी सुटले आणि सुरत शहराचा फार मोठा भाग जलमय झाला. तळमजल्यावरील घरांत मूळ दस्तऐवज आणि त्यांच्या नकला एकाच कपाटात असतील, तर दोहोंचा लगदा एकदमच होणार. आजचा पूर कधी पाण्याचाही नसतो. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या आणि त्याबरोबर त्याच संगणकातील छायाप्रतीही पुसून टाकल्या.

यास्तव जाणकार तीन-दोन-एक असा नियम सांगतात. कागदाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. घराबाहेरच्या प्रतीसाठी आपल्यासारख्या दोन गावी नाती असलेल्या कुटुंबांना दूर जाण्याचे कारण नाही. उधना-जळगाव गाडीने भाऊबीजेस वा उन्हाळी सुटीत गावी जाताना एक डिस्क बरोबर न्यावी, थोरल्या बंधूंच्या कपाटात ठेवावी आणि मागील खेपेची परत आणावी.

आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातही याचा दाखला आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. महानुभाव परंपरा असे सांगते की, खलजीच्या स्वारीच्या धामधुमीत त्याची मूळ प्रत नाहीशी झाली आणि पुढे शिष्यांनी स्मरणातून ते पुन्हा उभे केले. म्हणून त्याचे निरनिराळे पाठ आढळतात व अभ्यासकांस ते ताडून पाहावे लागतात. पाठभेदांचा हा पसारा सोयीचा नाही, हे खरे. परंतु ते स्मरण निरनिराळ्या माणसांपाशी विखुरलेले होते म्हणूनच मराठी गद्याचा तो आद्य ठेवा आज आपल्यापर्यंत पोहोचला आहे.

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी अर्धा तास काढून एवढेच करा. आपल्या राखीव प्रतीतील कोणतीही एक फाईल, शक्यतो घरातील वडीलधाऱ्यांच्या हस्ताक्षराची वा आवाजाची, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. ती उघडली तर तांबड्या रंगाची चिंता सोडून द्या. न उघडली तर मूळ फाईल अद्याप शाबूत आहे तोवरच तिची दुसरी प्रत काढून घ्या.